भाड्याच्या ई-स्कूटर आणि सायकली : नागपुरात त्यांना जागा कोण देणार, आणि कोणत्या अटींवर?

अजनीकर

आपल्या मेट्रोचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ पासून पूर्ण सुरू आहे. गाडी वेळेवर येते, डबे स्वच्छ असतात; अडचण सुरू होते ती स्थानकाच्या पायऱ्या उतरल्यावर. उज्ज्वल नगरला उतरून मनीषनगरच्या आतल्या भागात, किंवा सुभाष नगरला उतरून आयटी पार्ककडे जायचे म्हटले की उरलेल्या दीड-दोन किलोमीटरसाठी माणूस मुळातच घरून स्वतःची गाडी काढतो आणि मग मेट्रोकडे फिरकतच नाही. हे अंतर ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या ई-स्कूटर आणि सायकली भरून काढू शकतील, असे मला वाटते. तरीही हा धागा सेवा यावी की येऊ नये यासाठी काढलेला नाही. ती आली तर तिला नियम कोणी लावायचे आणि ते नेमक्या कशाबद्दल असावेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

बाहेरच्या शहरांचा अनुभव पाहिला तर बहुतेक ठिकाणी गाड्या आधी आल्या आणि नियम मागून आले. सॅन फ्रान्सिस्कोत मार्च २०१८ मध्ये तीन कंपन्यांनी परवानगी न घेता फुटपाथवर स्कूटर आणून ठेवल्या. पालिकेने त्या उचलायला लावल्या, परवाना पद्धत आणली आणि ऑगस्टमध्ये परवाने दिले ते वेगळ्याच दोन कंपन्यांना. पॅरिसमध्येही २०१८ साली अशीच झुंबड उडाली होती. तिथे २०२० मध्ये निविदा काढून तीनच कंपन्या ठेवल्या, प्रत्येकीला ५,००० म्हणजे एकूण १५,००० गाड्यांची मर्यादा घातली, उभ्या करण्याच्या जागा आखून दिल्या आणि वेगही कमी केला. एवढे करूनही २ एप्रिल २०२३ च्या जनमत चाचणीत मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के लोकांनी या स्कूटरविरुद्ध कौल दिला आणि ऑगस्ट संपताना त्या रस्त्यांवरून गेल्या. मतदान जेमतेम साडेसात टक्क्यांच्या आसपास झाले होते, हेही सांगायला हवे. भाड्याच्या सायकली मात्र तिथे राहिल्या, आणि स्वतःच्या मालकीच्या स्कूटरवर बंदी आली नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की शहराच्या हातात खऱ्या अर्थाने एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे रस्त्याकडेची जागा. भाडे किती असावे, ॲप कसे असावे, बॅटरी कोणती असावी यात मनपाने लक्ष घालू नये. गाडी कुठे उभी राहील, किती गाड्या उभ्या राहतील आणि चुकीच्या जागी राहिली तर ती किती वेळात हलवली जाईल, हे मात्र पहिली गाडी उतरण्याआधी लिहून घ्यावे. जाणकारांनी आपले मत मांडावे.

किल्लेवाले

काका, आपल्याकडे गाडी यायच्या आधीच नियमांची चळत तयार असते आणि मग ती गाडी येतच नाही. दोन-चारशे स्कूटर आल्या तर असे काय आभाळ कोसळणार आहे? बर्डीच्या मुख्य रस्त्यावर आज खाजगी दुचाकींच्या तीन-तीन रांगा लागतात, त्यांना कोणी विचारत नाही. आणि ज्या गाडीमुळे दहा लोकांची दुचाकी घरी राहू शकते तिच्यासाठी मात्र निविदा, मर्यादा आणि दंड. आधी येऊ द्या, त्रास झाला तर पाहता येईल.

दुसरे असे की पॅरिसमधली स्कूटर उभे राहून चालवायची, लहान चाकांची, फुटपाथवरून सुळकन जाणारी वस्तू होती. आपल्याकडे ज्या भाड्याने मिळतात त्या बसून चालवायच्या, मोठ्या चाकांच्या गाड्या असतात आणि त्या रस्त्यावरूनच जातात. तिथली भीती इथे आणण्याचे कारण नाही.

विधिज्ञा

किल्लेवाले दादांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. पहिल्या मुद्द्याबाबत मात्र कायद्याची एक बाजू पुढे ठेवते, कारण 'त्रास झाला तर पाहता येईल' असे म्हणताना तो कोणत्या कायद्याखाली पाहायचा, हे आधी पाहावे लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) प्रमाणे ज्या विजेवरील दुचाकीच्या मोटारची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आहे, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा अधिक नाही, ती अधिकृत संस्थेकडून तपासून घेतली असेल तर 'मोटार वाहन' समजली जात नाही. ॲपवर मिळणाऱ्या बहुतेक भाड्याच्या ई-स्कूटर मुद्दाम याच मर्यादेत बसवलेल्या असतात. त्यांना नंबर प्लेट नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली हेल्मेटची सक्तीही लागू होत नाही. जाहिरातीत ही सोय म्हणून सांगितली जाते आणि ग्राहकासाठी ती सोय आहेच.

परंतु त्याच कारणाने चार गोष्टी हातातून निसटतात. कलम १४६ चा त्रयस्थ पक्षाचा विमा मोटार वाहनालाच सक्तीचा आहे. अशा स्कूटरने सक्करदऱ्याच्या बाजारात एखाद्या आजीबाईंना धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा तुलनेने सोपा मार्ग त्यांना मिळणे कठीण आहे. दिवाणी दावा लावून बसावे लागेल. बेवारस किंवा अडथळा करणारे वाहन उचलून नेण्याचा कलम १२७ मधला अधिकारही मोटार वाहनापुरता आहे. भाड्याने मोटारसायकल देण्यासाठी केंद्राची १९९७ ची योजना आहे, ती कलम ७५ खाली काढलेली. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या ज्या स्कूटर आपण घेतो त्या याच चौकटीतल्या. कमी वेगाची स्कूटर मोटार वाहनच नसल्यामुळे तिला ही योजनाही लागू होत नाही. म्हणजे आरटीओकडे तक्रार नेली तर 'हा आमचा विषय नाही' असे उत्तर मिळेल, आणि कायद्याने ते चुकीचे ठरणार नाही.

'आधी येऊ द्या' याचा अनुभव आपण ई-रिक्षाच्या बाबतीत घेतला आहे. २५० वॉटच्या आतली मोटार असल्याने हे मोटार वाहन नाही, असे म्हणतच दिल्लीत ई-रिक्षा पसरल्या. प्रत्यक्षातल्या मोटारी त्याहून मोठ्या होत्या, अपघात झाले, जुलै २०१४ च्या शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, हजारो चालकांची रोजी अडकली आणि मग नियम, अध्यादेश व २०१५ ची कायदादुरुस्ती असा उलटा प्रवास करावा लागला. त्यात सर्वांत जास्त कोणाचे नुकसान झाले असेल, तर ज्याने कर्ज काढून रिक्षा घेतली होती त्याचे.

म्हणून अजनीकर काकांशी मी सहमत आहे. आरटीओचा हात पोहोचत नसेल तर उरते ती मनपा. रस्त्यात अडथळा होईल अशी वस्तू ठेवण्यास मनाई करण्याचा आणि ती हलवण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांना दिलेला आहे. हा अधिकार गाडी उचलण्यापुरता पुरेसा असला तरी विमा काढून घेण्यासाठी तो उपयोगाचा नाही. विम्याची अट करारातच घालावी लागेल, आणि तो करार होण्यासाठी कंपनीला मनपाकडून काहीतरी हवे असले पाहिजे. ते 'काहीतरी' म्हणजे जागाच आहे.

पूर्वीची_पुणेकर

पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि मग औंधला सायकली आल्या, २०१८ मध्ये आणखी कंपन्या उतरल्या, त्या काळात मी तिथेच होते. सुरुवातीचे काही महिने खरोखर छान होते. एक रुपयात अर्धा तास अशा योजना होत्या आणि कॉलेजची मुले रिक्षा सोडून सायकलीवर जाऊ लागली होती. पुढे सीट गायब, बास्केट वाकलेली, कुलूप फोडून सायकल नदीपात्रात किंवा कोणाच्या तरी जिन्याखाली, असे दिसू लागले आणि दोनेक वर्षांत रस्ते पुन्हा मोकळे झाले. लोकांना शिस्त नाही असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. ज्या सायकलीला ठरलेली जागा नसते तिची राखण कोणालाच करावीशी वाटत नाही, हे मला जास्त पटते.

ई-स्कूटरचा अनुभव नंतरच्या एका शहरातला आहे, कंपनीचे नाव घेत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर कोणीतरी स्कूटर आडवी लावून प्रवास संपवला होता. अशा गाडीचे मागचे चाक प्रवास संपताच कुलूपबंद होते. तुम्ही ती दोन हात बाजूला सरकवायला जाता तेव्हा चाक घासत जाते, गाडी कर्कश पीप-पीप करू लागते आणि आजूबाजूचे लोक तुम्ही चोर आहात अशा नजरेने पाहतात. ढकलता येत नसल्याने ती उचलावीच लागते, आणि बॅटरीसकट ते वजन एकट्या बाईने उचलण्यासारखे नसते. व्हीलचेअरवरच्या शेजारकाकांना त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेने फिरवून आत आणले. ॲपवर तक्रारीची सोय होती, पण ती फक्त ज्याने गाडी भाड्याने घेतली त्याच्यासाठी. जिच्या दारात गाडी पडली आहे ती ग्राहक नसल्यामुळे तिला कुठेच बोलता येत नव्हते.

म्हणून माझी एक मागणी करारात जरूर घाला. प्रत्येक गाडीवर मोठ्या अक्षरांत, देवनागरीत, गाडीचा क्रमांक आणि ॲप न उतरवता लावता येईल असा फोन क्रमांक असावा. नंबर प्लेट कायद्याने नाही, मग ती करारातून आणा.

बाजारवाला_गोकुळपेठ

जागा द्या, जागा द्या असे सगळे म्हणत आहेत, पण ही जागा रिकामी पडलेली आहे असे धरून चालू नका. फुटपाथवर बसणाऱ्या माणसाचा हक्क पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने मान्य केलेला आहे. सर्वेक्षण व्हायचे, नगर पथविक्रेता समितीने क्षेत्रे ठरवायची, प्रमाणपत्रे द्यायची, आणि बर्डीपासून महालापर्यंत या प्रश्नावर किती वर्षे ओढाताण चालू आहे हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको. वीस वर्षे एका कोपऱ्यावर लिंबू-मिरची विकणाऱ्या बाईला 'तुमची जागा ठरायची आहे' असे सांगायचे आणि एखाद्या कंपनीला पांढरे पट्टे मारून महिनाभरात जागा द्यायची, हे चालणार नाही. दोन्ही प्रकरणे एकाच नकाशावर आणि एकाच समितीसमोर यायला हवीत.

अंध व्यक्तींसाठीच्या पिवळ्या उठावदार फरशांचेही तेच. आधीच त्यांच्यावर दुचाकी उभ्या असतात. त्यात आणखी एका मालकाची भर नको.

अजनीकर

बाजारवाले भाऊंचा मुद्दा मला मान्य आहे आणि म्हणूनच माझे म्हणणे आणखी पुढे नेतो. या गाड्यांसाठी फुटपाथचा एक इंचही देऊ नये. जागा द्यायची ती डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावरची, आज जिथे मोटार उभी राहते तिथली. एका मोटारीच्या जागेत सहा-आठ स्कूटर सहज मावतात. त्यातही चौकाच्या तोंडाशी, जिथे मोटार उभी राहिली की पायी रस्ता ओलांडणारा आणि वळणारा वाहनचालक यांना एकमेक दिसत नाहीत, तो कोपरा या कामाला उत्तम आहे, कारण स्कूटर आणि सायकल यांच्या वरून पलीकडचे दिसते. शंकर नगर चौक किंवा लॉ कॉलेज चौकात उभे राहून पाहा, अशा जागा डोळ्यांत भरतात.

सिंगापूरने २०१८ मध्ये कायदा करून याला जी जोड दिली ती मला सर्वांत अनुकरणीय वाटते. सायकल लावण्याच्या प्रत्येक अधिकृत जागेवर क्यूआर कोड लावला आहे. प्रवास संपवताना तो कोड स्कॅन केला नाही तर ग्राहकाकडून पाच सिंगापूर डॉलर वसूल होतात, आणि वारंवार असे करणाऱ्याला सर्वच कंपन्यांच्या गाड्या काही काळ मिळत नाहीत. उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानावर तिथे विसंबून राहिले नाहीत. इतवारीच्या गल्ल्यांत किंवा मेट्रोच्या खांबांखाली मोबाइलचा निळा ठिपका कसा भरकटतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला यातले शहाणपण लगेच कळेल. बाकी सिंगापूरनेही ई-स्कूटरना ५ नोव्हेंबर २०१९ पासून फुटपाथवर बंदी घातली, म्हणजे तिथेही सगळे सुरळीत झाले असे नाही.

संख्येबद्दल बोलायचे तर कायमचा एकच आकडा ठरवू नये. गाडी दिवसातून सरासरी किती वेळा वापरली जाते यावर ती मर्यादा वर-खाली व्हावी. वापर होत असेल तर कंपनीला वाढ द्या, धूळ खात पडत असतील तर कमी करा.

मिहान_शिफ्ट

इथे बहुतेक जण दिवसाचा विचार करत आहेत. मी मिहानमध्ये पाळीत काम करते आणि माझा प्रश्न रात्रीचा आहे. ओस्लोने सप्टेंबर २०२१ पासून शहरभर ८,००० गाड्यांची मर्यादा घातली आणि रात्री अकरा ते पहाटे पाच भाड्याने देणे बंद केले, कारण रात्री दारू पिऊन पडणाऱ्यांची संख्या फार झाली होती. तिथे ते योग्य असेल. आपल्याकडे कोणी हाच नियम जसाच्या तसा उचलला, तर मेट्रोची शेवटची गाडी गेल्यावर वर्धा रोडच्या अंधाऱ्या सर्व्हिस रोडवर उभ्या असलेल्या मुलीचा तेवढाच एक पर्याय बंद होईल. रात्रीबंदीऐवजी, स्थानकाजवळच्या जागा दिव्याखाली आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यात असाव्यात अशी अट घाला.

आणखी एक. या गाड्यांचा मोठा ग्राहक हा तुम्ही-आम्ही नसून घरोघर जेवण आणि किराणा पोहोचवणारी मुले आहेत. बेंगळुरू, मुंबई, दिल्लीत अशा स्कूटर आठवड्याच्या भाड्याने त्यांच्याकडेच असतात आणि काही गाड्या तर खास त्याच कामासाठी मागे सामानाची जागा ठेवून बनवलेल्या आहेत. अशी गाडी रात्री मुलाच्या खोलीखाली उभी राहते, मेट्रो स्थानकावर येतच नाही. तिला स्थानकाच्या मर्यादेत मोजले तर कागदावर पाचशे गाड्या दिसतील आणि पायऱ्यांखाली एकही मिळणार नाही. दोन्ही प्रकारांचे हिशेब वेगळे ठेवा.

सायकल_मिस्त्री

तासावर सायकल भाड्याने देण्याचा धंदा आमच्या घरात होता, त्यामुळे थोडे लिहितो. तेव्हा गल्लीतला दुकानदार पोराला चेहऱ्याने ओळखायचा, वहीत नाव लिहायचा आणि सायकल परत दुकानातच यायची. सायकलीला पालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागत असे, तो नसला की दंड. म्हणजे भाड्याची सायकल, ठरलेली जागा आणि पालिकेचा शिक्का हे काही नवे नाही.

म्हैसूरने जून २०१७ मध्ये 'ट्रिन ट्रिन' सुरू केले ते याच रीतीने, ४८ स्थानके आणि ४५० सायकली, कुठून घेतली तरी एखाद्या स्थानकावरच परत लावायची. खर्च जास्त येतो, पण सायकल सापडते. माझे मत सायकलींसाठी ठोकळ्यात अडकवण्याची पद्धत आणि स्कूटरसाठी आखलेली जागा असे आहे.

उन्हाचे काय, ते मात्र कोणीच विचारले नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीच्या सीटला हात लावता येत नाही, टायरमधली हवा आणि ट्यूबचे पॅच दोन्ही दगा देतात आणि बॅटरीला उष्णता मानवत नाही. सावली नसलेली जागा नागपुरात तीन महिने निरुपयोगी आहे. मेट्रोच्या मार्गाखाली आयती सावली आहे, तिचा उपयोग करा. आणि दर आठवड्याला ब्रेक तपासल्याची नोंद मागा. ब्रेक शूज झिजलेली सायकल भाड्याने देणे हा गुन्हा मानला गेला पाहिजे.

किल्लेवाले

आतापर्यंतच्या अटी मोजल्या तर विमा, फोन क्रमांक, क्यूआर, दिवे, कॅमेरे, सावली, ब्रेकची वही. एवढे सगळे मागितल्यावर कंपनी नागपूरऐवजी दुसरे शहर निवडेल. मे २०१७ मध्ये इथे विजेवरच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग मंत्र्यांच्या उपस्थितीत सुरू झाला होता, सुमारे दोनशे गाड्यांचा. चार्जिंगच्या रांगा आणि खर्च यांना कंटाळून चालक गाड्या परत करू लागल्याच्या बातम्या पुढच्याच वर्षी आल्या. आपले शहर प्रयोगासाठी प्रसिद्ध आहे, टिकण्यासाठी नाही. मग कंपनीने पैसे का घालावेत?

विधिज्ञा

दादा, तुम्ही दिलेले उदाहरण माझ्या बाजूचे आहे. तो प्रयोग नियम जास्त झाल्याने अडखळला नाही. गाड्या आल्या आणि त्यांच्या मानाने चार्जिंगची जागा कमी पडली. स्कूटरची बॅटरी बदलण्याची केंद्रे कुठे असतील, त्यांना वीज जोडणी कोण देईल, हे करारात आधी ठरले तर कंपनीचाच खर्च वाचतो.

खर्चाच्या तक्रारीवर उपाय असा की शुल्क घेऊच नये, किंवा नाममात्र घ्यावे. परदेशात काही शहरांनी प्रति गाडी शुल्काला उत्पन्नाचे साधन मानले आणि कंपन्यांनी ते भाड्यात चढवले. आपण शुल्काऐवजी अनामत घ्यावी. चुकीच्या जागी पडलेली गाडी ठरलेल्या वेळेत, समजा दोन तासांत, हलली नाही तर मनपाने ती उचलावी आणि खर्च अनामतीतून कापावा. कंपनी बंद पडली तर शेकडो गाड्या गोळा करण्याचा खर्चही त्यातूनच निघेल. चीनमध्ये कंपन्या बुडाल्यावर सायकलींचे जे डोंगर साचले त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत.

उलट ग्राहकाकडून कंपनीने अनामत घेण्यावर बंदी हवी. ओफो या चिनी कंपनीने प्रत्येकाकडून आधी ९९ आणि नंतर १९९ युआन घेतले होते, आणि २०१८ च्या अखेरीस आपले पैसे परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली. सिंगापूरमध्ये जून २०१८ मध्ये ओबाइकने गाशा गुंडाळला तेव्हाही तेच झाले. प्रवासाचे पैसे प्रवासापुरते घ्यावेत.

माहितीबद्दलही लिहिते, कारण वापर मोजायचा म्हटले की माहिती मागावी लागेल. लॉस एंजेलिसने २०१८ पासून प्रत्येक स्कूटरच्या फेरीची माहिती ठरावीक नमुन्यात मागायला सुरुवात केली आणि तीच रचना पुढे अनेक शहरांनी घेतली. त्यावर खाजगीपणाचा भंग होतो म्हणून दावा झाला; अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला. आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. मनपाने गाडीनिहाय आणि जागानिहाय संख्या मागावी. कोण कुठून कुठे गेला ही माहिती मागूच नये. सकाळी नऊ वाजता झाशी राणी चौकात किती गाड्या होत्या एवढे कळले की मर्यादा ठरवता येते.

पूर्वीची_पुणेकर

अनामतीचा मुद्दा उत्तम. लंडनचे उदाहरण यात भर घालेल. तिथे भाड्याच्या ई-स्कूटर जून २०२१ पासून प्रायोगिक परवानगीने आणि ठरलेल्या जागांवरच चालतात, मात्र भाड्याच्या ई-सायकलींना परवाना घ्यावा लागेल असा कायदा त्या वेळी नव्हता. त्यामुळे तिथली स्थानिक मंडळे कंपन्यांशी एकेक करून समजुतीचे करार करत बसली आणि एका मंडळाच्या हद्दीतली सायकल दुसऱ्याच्या हद्दीत नेऊन टाकली की तक्रार कोणाकडे करायची, हा घोळ वर्षानुवर्षे चालला. नागपुरातही स्कूटरसाठी एक नियम आणि सायकलसाठी काहीच नाही, असे होऊ देऊ नका.

अजनीकर

हद्दीचा प्रश्न आपल्याकडे त्याहून बिकट आहे. स्थानकाची पायरी महामेट्रोची, खालचा फुटपाथ मनपाचा, काही वस्त्यांतले रस्ते नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटमधले, आणि वर्धा रोडवर तर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल महामेट्रो आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांनी मिळून बांधलेला. छत्रपती चौकात पुलाखालच्या सावलीत दहा स्कूटरची जागा आखायची तर अर्ज कोणाकडे करायचा? विधिज्ञाताई, याचे उत्तर द्याल का?

विधिज्ञा

एका कोणाकडे अर्ज करून भागणार नाही, म्हणून एकच त्रिपक्षीय करार असावा असे मी सुचवीन. जागा ज्याची असेल त्याने ती वापरायला देण्याची संमती लिहून द्यावी. पार्किंगची अधिसूचना वाहतूक पोलिसांच्या सल्ल्याने निघावी. अनामत, गाड्या उचलणे आणि तक्रारीचा फोन हे तिन्ही मनपाकडे असावे, कारण नागरिक शेवटी तिथेच जाणार. स्थानकाच्या आवारात महामेट्रोने परस्पर कंपनी नेमली तरी ती गाडी प्रवाशासोबत आवाराबाहेर पडते, त्यामुळे महामेट्रोच्या निविदेतही मनपाच्या अटी जोडपत्र म्हणून याव्यात.

सुरुवात संपूर्ण शहरापासून करू नये. लोकमान्य नगर ते सीताबर्डी या पट्ट्यातील स्थानके घ्यावीत. तिथे महाविद्यालये आहेत, आयटी पार्क जवळ आहे आणि रस्तेही तुलनेने रुंद आहेत. महाल, इतवारीकडे पथविक्रेत्यांचा नकाशा पूर्ण झाल्यावरच वळावे. आपण सर्वांनी मिळून मनपाला निवेदन द्यायचे असेल तर मसुदा मी करते. बाजारवाले भाऊंनी गोकुळपेठ आणि शंकर नगर भागात चौकाच्या तोंडाशी असलेल्या, पण विक्रेते बसत नाहीत अशा जागांची यादी द्यावी.

बाजारवाला_गोकुळपेठ

यादी देतो. रविवारचा बाजार भरतो त्या दिवशीही पाहून घेतो, कारण सोमवारी रिकामा दिसणारा कोपरा रविवारी रिकामा नसतो.